गोळी ‘उष्ण पडली’ म्हणण्याआधी

आमच्या काउंटरवर दिवसातून एकदा तरी हे वाक्य कानावर पडतं: “ती गोळी मला उष्ण पडली.” म्हणजे नेमकं काय झालं ते विचारत गेलं की प्रत्येकाचं वेगळं निघतं. कुणाचं तोंड आलेलं असतं, कुणाच्या अंगभर गांधी उठलेल्या, कुणाच्या ओठावर काळा डाग, तर कुणाला नुसती ॲसिडिटी. कुठली गोळी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. “ती नाही का, पांढरी, लांबट.” पांढऱ्या लांबट गोळ्या माझ्या दुकानात साठ-सत्तर प्रकारच्या तरी असतील.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते. बी. फार्म. होऊन लग्न करून इथे आले, सासऱ्यांचं दुकान होतं, आता चोवीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. कारखाने सुरू झाले की आमच्याकडे दुखण्याच्या गोळ्यांना जेवढं गिऱ्हाईक असतं तेवढं बाकी सगळ्या औषधांना मिळून नसतं. मी डॉक्टर नाही, तेव्हा निदान आणि उपचार त्यांच्याकडेच. पण अंगावर काय उठलं तर घरी काय करायचं, कधी निघायचं, गोळ्या जास्त गेल्या तर दवाखान्यात काय करतात आणि त्याला घाबरायचं का नाही, हे मला रोज सांगावं लागतं. तेच इथे लिहिते.

आधी स्ट्रिप उलटी करा

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं दिलेलं नाव. मागे बारीक अक्षरात असतं ते खरं औषध. त्वचेला आणि लिव्हरला फक्त हे बारीक अक्षरातलंच कळतं.

दुखण्याच्या गोळ्यांची मोटामोटी दोन घराणी लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं. एका घराण्यात पॅरासिटामॉल एकटंच. दुसऱ्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन, निमेसुलाईड, पायरॉक्सिकॅम आणि या सगळ्यांची आजी ॲस्पिरिन. भानगड अशी, की आपल्याकडे दोन्ही घराणी एकाच गोळीत नांदतात. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलीग्रॅम. झेरोडॉल-पीमध्ये ॲसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. अल्ट्रासेटमध्ये ट्रॅमाडॉल आणि वर पुन्हा पॅरासिटामॉल ३२५. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल आहे, सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत आहे, डोलो आणि क्रोसिन तर नुसतं पॅरासिटामॉलच. हा ३२५ चा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो, कारण मिश्रणाच्या गोळीत त्याहून जास्त पॅरासिटामॉल नको असं औषध नियंत्रकांनी २०११ मध्ये ठरवलं. पण एका गोळीला मर्यादा घातली म्हणून माणूस दिवसात तीन वेगळ्या डब्यांतल्या गोळ्या घ्यायचा थांबत नाही.

एक गोष्ट आम्हा दुकानदारांचीच आहे, तीही सांगते. तुम्ही “दोनच द्या” म्हणता आणि आम्ही कात्रीनं स्ट्रिप कापतो. नाव, बॅच आणि मुदत असलेला तुकडा दुकानात राहतो, तुमच्या हातात नुसती चकाकती पन्नी येते. उद्या अंगावर काही उठलं तर डॉक्टरांना दाखवायला काहीच नाही. तेव्हा कापायच्या आधी मोबाईलवर मागच्या बाजूचा फोटो काढा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

अंगावर काय उठतं

सगळ्यात जास्त दिसतात त्या गांधी, म्हणजे पित्त उठतं. गोळी घेतल्यापासून काही मिनिटांत ते काही तासांत लालसर, फुगीर, खाजरे चट्टे येतात. इथला जिरतो, तिथला वर येतो. घरोघरी त्यावर आमसुलाचं पाणी चोळतात, गेरू लावतात. गार वाटतं, खाज जरा कमी होते, माझी तक्रार नाही. पण आमसूल लावून तीच गोळी संध्याकाळी पुन्हा घेतात, तिथे माझं डोकं फिरतं.

इथे माझीच एक चूक सांगायला हवी. दुकानात नवी होते तेव्हाची गोष्ट. एक बाई म्हणाल्या, “ब्रुफेननं मला पित्त उठतं, दुसरं काहीतरी द्या.” मी डायक्लोफिनॅक दिलं. नाव वेगळं, औषध वेगळं, माझ्या मते काम झालं. दोन तासांनी त्यांच्या मुलानं त्यांना स्कूटरवर आणलं. दोन्ही पापण्या पुरीसारख्या फुगलेल्या, डोळ्यांच्या जागी नुसत्या फटी. “ताई, हे काय दिलंत?” एवढंच म्हणाल्या, तेही शांतपणे. तो दिवस मी विसरले नाही.

झालं होतं असं. दुसऱ्या घराण्यातल्या गोळ्या दुखणं थांबवायला शरीरातलं जे एन्झाइम अडवतात, ते अडलं की काही लोकांत दुसऱ्याच वाटेनं ल्युकोट्राईन नावाची द्रव्यं भराभर तयार होतात. गांधी, सूज, दम ही त्यांची करणी. एन्झाइम अडवण्याचं काम घराण्यातले सगळेच करत असल्यामुळे अशा माणसाला आयबुप्रोफेन चालत नसेल तर डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन, नॅप्रोक्सेन यांचाही धोका असतो. पॅरासिटामॉल हे एन्झाइम फार कमी अडवतं, म्हणून ते साध्या डोसात बहुतेकांना चालतं, पण मोठ्या डोसात काहींना त्यानंही उठतं. सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब या गोळ्याही अशा पुष्कळ लोकांना सोसतात, मात्र पहिली गोळी डॉक्टरांच्या नजरेखाली. काहीजणांना घराण्यातल्या एकाच औषधाचं वावडं असतं आणि बाकी सगळं चालतं. तुम्ही कुठल्या गटातले, ते काउंटरवर ठरत नाही. दुखण्याच्या गोळ्यांच्या बाबतीत रक्ताची किंवा हातावर टोचून करायची तपासणी फारसं सांगत नाही. हॉस्पिटलात, इलाजाची तयारी ठेवून, थोडा थोडा डोस देऊन बघावं लागतं. घरी “अर्धी खाऊन बघतो” हा प्रयोग नको. दमा असेल आणि नाकात मांस वाढलेलं असेल, तर दुसऱ्या घराण्यातली कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घेऊच नका.

दुसरा प्रकार मला शिकवला सासूबाईंनी. त्यांच्या डाव्या मनगटावर, बांगड्यांच्या जरा खाली, जुन्या रुपयाएवढा गोल डाग यायचा. आधी विटकरी, कडा अगदी कंपासनं काढल्यासारखी, आग आणि खाज. चार-पाच दिवसांत जांभळट काळा पडायचा आणि मग महिनोन् महिने तसाच. पुसट होत आला की पुन्हा एक दिवस लालभडक, अगदी त्याच जागी. त्यांचा संशय बांगडीवर. काचेच्या काढून सोन्याच्या घातल्या, मग नायटा समजून मलम लावलं, शेजारणीनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. डाग ढिम्म.

उलगडा झाला तो कालनिर्णयवर. आमच्याकडे दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडतात. एकदा डाग लाल झाला तेव्हा मी त्या चौकोनात ‘डाग’ असं लिहून ठेवलं. दीड महिन्यानं पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना लक्षात आलं, की तिन्ही वेळा आदल्या दिवशी एकादशी होती, आणि एकादशीला सासूबाई भजनाला दोन-अडीच तास मांडी घालून बसतात. गुडघे धरले की शेजारच्या काकूंच्या डब्यातली एक गोळी. मी घरात मेडिकल चालवते, आणि सासूबाई गोळी शेजारून घेत होत्या! “तुला कशाला त्रास,” म्हणाल्या. ती निघाली नॅप्रोक्सेन.

त्वचेचे डॉक्टर याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. खूण एकच: तेच औषध, तीच जागा. पुन्हा गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात ते काही तासांत जुना डाग पेटतो. ओठ, हात आणि जननेंद्रिय या त्याच्या आवडत्या जागा. तिसऱ्या जागेमुळे घरात नसती भांडणं झालेली मी पाहिली आहेत. नवऱ्याला कसला तरी रोग लागला असा संशय, आणि कारण निघतं पाठदुखीची गोळी. दुखण्याच्या गोळ्यांखेरीज सल्फाच्या आणि जुलाबावरच्या टिनिडॅझोल, ऑर्निडॅझोलसारख्या गोळ्यांनीही हा डाग येतो. उपाय म्हणजे ते औषध कायमचं बंद. काळेपणा जायला महिने लागतात, त्यावर गोरं करणारी क्रीम चोळू नका. डाग एकाऐवजी अनेक ठिकाणी आले किंवा त्यावर फोड धरले, तर मात्र तातडीनं डॉक्टर.

दुखऱ्या जागी चोळायच्या जेलनंही पुरळ येतं, म्हणून “मी गोळी खाल्लीच नाही” यावर जाऊ नका. कीटोप्रोफेनचं जेल लावून उन्हात गेलं की तेवढीच जागा भाजल्यासारखी होते. शेतात काम करणाऱ्यानं ते लावूच नये, असं माझं मत.

हे दिसलं की थांबायचं नाही

आता जे सांगते ते क्वचित होतं, पण झालं तर जीव जातो. नवीन गोळी सुरू करून चार दिवस ते चार आठवड्यांच्या आत ताप येतो, घसा दुखतो, डोळे चुरचुरतात. वाटतं, फ्लू झाला. त्यावर आपण आणखी तीच गोळी घेतो. मग अंगावर गडद डाग येतात, आणि इथे फरक लक्षात ठेवा: हे खाजत कमी, दुखतात जास्त. ओठ, तोंड, डोळे, लघवीची जागा सोलवटते, फोड येतात, बोटानं हलकं घासलं तरी कातडी सरकते. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात तो हा. अंगाचा तीस टक्क्यांहून जास्त भाग सुटला तर त्याला टेन म्हणतात आणि रुग्णाला भाजलेल्या माणसासारखं सांभाळावं लागतं. दुखण्याच्या गोळ्यांत पायरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम यांचा धोका त्यातल्या त्यात जास्त. पॅरासिटामॉलनंही क्वचित होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ मध्ये तसा इशारा दिला होता.

आमच्या भागात असे फोड बघून लोक नागीण म्हणतात आणि दूर्वा-तांदळाचा लेप लावतात. नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते. दोन्हीकडे आलं, तोंडात आलं, डोळ्यांत आलं, तर ती नागीण नाही. गोळी बंद करायची, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालायच्या आणि थेट मोठं हॉस्पिटल, जिथे त्वचेचे आणि डोळ्यांचेही डॉक्टर आहेत असं. डोळ्यांकडे पहिल्या दिवसापासून बघितलं नाही तर माणूस वाचतो पण नजर जाते.

दुसरं एक जरा छुपं आहे. गोळी सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, मानेत गाठी, आणि रक्त तपासलं तर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, लिव्हरला सूज. याला ड्रेस म्हणतात. पाळीच्या दुखण्यावर आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगानं नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस याच ड्रेसचा इशारा काढला. तेव्हा आठवडाभर आमच्याकडे मुली मेफ्टाल हातात घेऊन “ताई, बंद करू का?” विचारायला येत होत्या. मी सांगितलं, वर्षानुवर्षं घेऊन काही झालं नसेल तर घाबरू नका, पण गोळी घेतल्यानंतरच्या दोन महिन्यांत ताप आणि पुरळ एकत्र आलं तर ही गोळी डॉक्टरांना नावानं सांगा. एवढ्या उशिरा आलेल्या पुरळाचा गोळीशी संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही.

पहिल्या तासात काय करायचं

नुसत्या गांधी असतील, श्वास नीट असेल, तोंड-जीभ सुजलेली नसेल: गोळी बंद. मोठ्या माणसाला सेट्रीझिन १० मिलीग्रॅमची एक. तिनं झोप येते, मग गाडी चालवायची नाही. सैल सुती कपडे, गार पाण्याच्या घड्या. त्या दिवशी एकटं राहू नका.

यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन किंवा मिळेल ती गाडी: ओठ-जीभ-पापण्या सुजणं, आवाज घोगरा होणं, घशात आवळल्यासारखं वाटणं, दम, शिट्टीसारखा श्वास, उलट्या आणि पोटात कळा, चक्कर, अंग गार पडणं. माणसाला आडवं करा, पाय उशीवर घ्या. दम लागत असेल तर पाय पसरून बसू द्या, पण उठवून चालवू नका. एकदम उभं केल्यावर माणूस कोसळतो.

दवाखान्यात पोचल्यावर पहिलं औषध ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्या माणसाला अर्धा मिलीग्रॅम, मुलांना वजनावर. हे ठळक सांगते, कारण आपल्याकडे ‘एविल आणि एफकॉर्लिन’ ही ॲलर्जीच्या आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनांची जोडगोळी एवढी रुळली आहे की नातेवाईकच ती मागतात. खाज आणि सूज उतरायला त्यांचा उपयोग आहे, पण घसरलेलं बीपी आणि आवळलेला घसा सोडवतं ते ॲड्रेनालिन. त्यानंतर बरं वाटलं म्हणून लगेच घरी जायची घाई करू नका. काही तासांनी तेच पुन्हा उसळू शकतं, म्हणून ठेवून घेतात.

गोळ्या जास्त गेल्या तर

‘ओव्हरडोस’ म्हटलं की लोकांना मूठभर गोळ्या घेतलेलं कुणीतरी आठवतं. मला आमच्या गल्लीतले दाढदुखीवाले काका आठवतात. वजन जेमतेम ४६ किलो. दाढ सुजलेली, तीन दिवस पेज सोडून काही पोटात नाही. दातांच्या डॉक्टरांनी ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची गोळी दिलेली, दिवसाला दोन. ठणका थांबेना म्हणून घरातली ६५० ची, दिवसातून चार. शिवाय नाक गळतंय म्हणून सर्दीची गोळी, तीन वेळा, तिच्यात ५००. चौथ्या दिवशी आणखी ६५० ची स्ट्रिप मागायला आले, तेव्हा मी बिलाच्या कागदाच्या पाठीवर बेरीज केली: ६५० आणि २६०० आणि १५००. चार हजार सातशे पन्नास मिलीग्रॅम, रोज. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. किडकिडीत, उपाशी, दारू घेणाऱ्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला डॉक्टर त्याहूनही कमी ठरवतात. काका म्हणाले, “पण मी एक गोळी दोनदा घेतलीच नाही!” खरंच होतं ते. तीन वेगळ्या गोळ्या घेतल्या होत्या.

त्यांना मी गोळी दिली नाही, त्यांच्या मुलाला फोन केला. तो त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथे रक्तात एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की वाढणारा आकडा, ६१२ निघालं. चाळीसच्या आसपास असायला हवं.

पॅरासिटामॉलचा बराचसा भाग लिव्हर निमूटपणे निकामी करून बाहेर टाकतं. थोड्या भागाचं मात्र एक विषारी द्रव्य बनतं, आणि ते झेलायला लिव्हरकडे ग्लुटाथायॉनचा साठा असतो. गोळ्या जास्त झाल्या, किंवा उपासमारीनं साठाच आटला, की ते विष लिव्हरच्या पेशींनाच चिकटतं. सगळ्यात फसवा भाग हा, की पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो. जरा मळमळ, घाम, बस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं, आणि कावीळ, ग्लानी दिसेपर्यंत तिसरा-चौथा दिवस उजाडतो. म्हणून “काही होत नाहीये, बघू सकाळी” हे वाक्य इथे चालत नाही.

घरी करायचं ते असं. किती वाजता, कुठली, साधारण किती, हे कागदावर लिहा. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, रिकाम्या आणि कचऱ्यातल्याही, पिशवीत घाला. मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोटं घालून उलटी काढू नका. मिठाच्या पाण्यानं वेगळंच संकट येतं आणि उलटी फुप्फुसात जाते. दूध, ताक, लिंबूपाणी यांनी विष उतरत नाही. निघायचं. डॉक्टरांना आणि घरच्यांनाही सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा फोन दिवसरात्र चालू असतो: १८०० ११६ ११७.

हॉस्पिटलात, घेऊन फार वेळ झाला नसेल तर कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून पाजतात. पोटातलं औषध ती धरून ठेवते. सगळ्या गोळ्या एकाच वेळी घेतल्या असतील तर चार तास झाल्यावर रक्तातली पॅरासिटामॉलची लेव्हल बघतात. त्याआधी काढलेली लेव्हल फसवते, म्हणून डॉक्टर थांबले तर टाळाटाळ करताहेत असं समजू नका. तो आकडा १९७५ पासून वापरात असलेल्या एका आलेखावर मांडून उतारा द्यायचा की नाही ते ठरतं. काकांसारखं थोडं थोडं करून दिवसेंदिवस घेतलेलं असेल तर आलेख लागू होत नाही. मग घेतलेला डोस आणि लिव्हरच्या तपासण्या बघून ठरवतात.

उतारा म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन. ग्लुटाथायॉनचा आटलेला साठा ते पुन्हा भरून देतं. आठ तासांच्या आत सुरू झालं तर लिव्हर जवळपास हमखास वाचतं. उशीर झाला तरी देतात, कारण उपयोग होतोच. सलाईनमधून द्यायची रूढ पद्धत एकवीस तासांची आहे: किलोमागे १५० मिलीग्रॅम पहिल्या तासात, ५० पुढच्या चार तासांत, १०० पुढच्या सोळा तासांत. काकांच्या वजनाला ६.९ ग्रॅम, मग २.३, मग ४.६.

आणि आता गंमत बघा. पहिल्या बाटलीच्या अर्ध्या तासात काकांचा चेहरा आणि छाती लालेलाल झाली, खाज सुटली, गांधी उठल्या. मुलानं मला फोन केला, “ताई, उताऱ्याचीच रिॲक्शन आली, बंद करायला सांगू का?” मी म्हटलं, सिस्टरना बोलव आणि तू काही ठरवू नकोस. या औषधानं असं होऊ शकतं. पहिला डोस वेगानं जातो तेव्हाच बहुधा होतं, आणि ही नेहमीची ॲलर्जी नसते. औषध त्या वेगानं शरीरातून हिस्टामिन मोकळं करतं. सलाईन थांबवतात, ॲलर्जीचं इंजेक्शन देतात, उतरलं की कमी वेगानं पुन्हा लावतात. काकांचं तसंच झालं. दमा असलेल्यांना हा त्रास जास्त होतो, म्हणून दमा आहे हे आधी सांगा. पण ‘याला हे औषध चालत नाही’ म्हणून उतारा कायमचा काढायला लावणं ही फार महागात पडणारी चूक आहे. काका पाच दिवसांनी घरी आले, दाढ नंतर काढली.

इंजेक्शन नसेल तिथे हेच औषध तोंडानंही देता येतं. कफ पातळ करायच्या, पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या ६०० च्या गोळ्या असतात ना, संत्र्याच्या वासाच्या, तेच. एका रात्री अकराला गावातल्या डॉक्टरांचा फोन आला, “६०० च्या किती आहेत तुमच्याकडे?” मी आणि भाच्यानं शटर वर करून मोजल्या. साठ किलोच्या माणसाला पहिला डोस किलोमागे १४० मिलीग्रॅम, म्हणजे चौदा गोळ्या, मग दर चार तासांनी सात-सात, असे सतरा डोस. एकूण १३३ गोळ्या. आमच्याकडे ३८ निघाल्या. पहिला डोस आणि पुढचे तीन, तेवढ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी पोचता येणार होतं. संत्र्याचा वास नावाला, खाली सडक्या अंड्याची घाण असते. गार करून, झाकणाच्या ग्लासातून नळीनं प्यायला लावा म्हटलं. तासाभरात उलटून पडलं तर तो डोस पुन्हा द्यावा लागतो. हे वाचून घरी कुणी गोळ्या विरघळवत बसू नका. लिव्हरच्या तपासण्या, रक्ताच्या गोठण्याची तपासणी, साखर, हे सगळं सोबत लागतं, आणि लिव्हर बसलंच तर वेळेत प्रत्यारोपणाच्या केंद्रात हलवावं लागतं.

ती रात्र एका कॉलेजातल्या मुलीची होती. घरचे दोन तास याच चर्चेत होते, की सरकारीत नेलं तर पोलीस केस होईल. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते, खरं आहे. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असं करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं, तिच्यावर खटला चालवत नाहीत. त्या दोन तासांची किंमत लिव्हर मोजतं. तिला कॉटवर “का केलंस” विचारू नका, हात धरून बसा. नंतर बोलायला टेलिमानस आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

लहान मुलांचं वेगळं. पॅरासिटामॉलचे ड्रॉप एका मिलीलिटरला १०० मिलीग्रॅमचे असतात, साधं सिरप पाच मिलीलिटरला १२० चं, आणि एक २५० चं. एका आजीनं सात किलोच्या नातवाला सिरपच्या झाकणानं पाच मिली ड्रॉप पाजले. एक मिलीत काम होतं, बाळाच्या पोटात पाचशे मिलीग्रॅम गेलं. डॉक्टरांनी वजन घेऊन हिशोब केला, नशिबानं धोक्याच्या खाली होतं, पुढचे डोस थांबवून लक्ष ठेवायला सांगितलं. एका वेळचा डोस किलोमागे १५ मिलीग्रॅमपर्यंत, त्याच बाटलीच्या मापानं, पोह्याच्या चमच्यानं नाही.

दुसऱ्या घराण्याला असा खास उतारा नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक जास्त गेलं तर सलाईन, पोट आणि किडनीवर लक्ष. मेफेनॅमिक ॲसिडनं झटके येतात. ॲस्पिरिननं कानात गुंजतं, श्वास जोरात चालतो; त्यावर सोडाबायकार्बचं सलाईन आणि वेळ पडली तर डायलिसिस. चोळायचं विंटरग्रीन तेल म्हणजे त्याचंच सख्खं भावंड. पोराच्या तोंडात चमचाभर गेलं तरी धावत सुटा. ट्रॅमाडॉलनं गुंगी येऊन श्वास मंदावतो, त्यावर नॅलॉक्सोन असतं.

चिठ्ठी

एकदा रिॲक्शन आली की डॉक्टरांकडून लिहून घ्या: खऱ्या औषधाचं नाव, तारीख, काय उठलं, किती वेळानं, कसं उतरलं. ‘पेनकिलरची ॲलर्जी’ एवढंच लिहिलेलं कामाचं नाही. त्यानं एक तर सगळंच बंद होतं किंवा कुणी काहीच मानत नाही. आधार कार्डाच्या पाठीमागे ठेवा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा, दातांच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. औषधामुळे झालेला त्रास सरकारच्या फार्माकोव्हिजिलन्स केंद्राला तुम्ही स्वतःही कळवू शकता, १८००-१८०-३०२४. सासूबाईंचा डाग मी कळवला, तेव्हा फॉर्मवर कधीपासून, किती वेळा असं विचारलेलं होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि दुधाच्या खाड्यांमधून तारखा वेचून लिहिल्या. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, “चवथी पण लिही. तेव्हा मी तुला सांगितलंच नव्हतं.”